पिसारा राजाचा, घर वठलेल्या खोडात



पावसाची चाहूल लागली की आपल्याकडे मोर नाचतो. मध्य अमेरिकेच्या डोंगरांतही, सदा ढगांनी भिजलेल्या रानात, असाच एक देखणा पक्षी आहे. त्याचे नाव केत्साल. ग्वाटेमाला देशाने १८७१ मध्ये त्याला राजचिन्हात स्थान दिले. १९२५ पासून तिथल्या चलनाचे नावही केत्सालच आहे.

हा पक्षी अंगाने पारव्याएवढा, पोट लालभडक. विणीच्या हंगामात नराच्या शेपटीवर दोन ते तीन फूट लांब पिसे रुळतात. मोरपिसाप्रमाणेच हा हिरवा रंग उजेडाचा खेळ आहे. पीस जरा फिरवले की ते कधी निळे, कधी सोनेरी दिसते. मादीला रिझवण्यासाठी नर झाडांच्या शेंड्यांवर उंच झेपावतो, साद घालीत घिरट्या घेतो आणि पिसे लहरवीत खाली येतो. पूर्वी माया लोकांचे राजे ही पिसे मुकुटात खोवीत. पक्षी मारायला मात्र बंदी होती. पिसे काढून त्याला सोडून देत.

एवढा थाट, पण चोच दुबळी! जिवंत लाकूड तिला पोखरता येत नाही. म्हणून जोडीला घरट्यासाठी वठलेले, कुजके खोडच लागते. नर-मादी दोघेही आळीपाळीने अंडी उबवतात. रानटी अव्होकाडोची फळे हा पक्षी अख्खी गिळतो आणि बिया दूर नेऊन ओकतो. रानाची लागवड अशी फुकटात होते. कॉफी, मका आणि कुरणांसाठी हे रान तुटले, तसा पक्षीही विरळ झाला. कोस्टा रिकातल्या काही शेतकऱ्यांनी मात्र ही फळझाडे राखली. आता पक्षी पाहायला येणारे पाहुणे त्यांच्याकडे उतरतात आणि घरात चार पैसे येतात.

याच कुळातला कर्णा पक्षी आपल्या सह्याद्रीत आहे. तोही कुजक्या खोडातच घरटे करतो.

मी नोकरीला लागलो तेव्हा 'वठलेले झाड म्हणजे सरपण' असेच सांगत असे. आज तसे सांगणार नाही. बांधावरच्या जुन्या झाडाच्या ढोलीत पिंगळा राहतो आणि रात्री शेतातले उंदीर, किडे टिपतो. झाड घरावर, वाटेवर किंवा विजेच्या तारेवर पडण्याची भीती असेल तर जरूर तोडा. नसेल तर कुऱ्हाड उचलण्याआधी ढोलीत कोणी राहते का, एवढे पाहा.