नकाशातील नद्या, डोंगर आणि त्यांची नावे



महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा समोर घ्या आणि यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी शोधा. येथून अरुणावती वाहते. तिचे पाणी पुढे पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला. वर्धा व वैनगंगा यांच्या संगमानंतरच्या प्रवाहाला प्राणहिता म्हणतात आणि ती सिरोंचाजवळ गोदावरीत विलीन होते. भूगोलाच्या अभ्यासकाला येथे एक जलप्रणाली दिसते. भाषेच्या अभ्यासकाने या रेषांवरील नावेही वाचली पाहिजेत.

नावांची घडण : ‘अरुणावती’मध्ये ‘-वती’ हा संस्कृत प्रत्यय आहे. ‘पैनगंगा’, ‘वैनगंगा’ या नावांत ‘गंगा’ हे एका नदीचे विशेषनाम ‘नदी’ या सामान्य अर्थाने आले आहे. वऱ्हाडच्या जुन्या विभागणीत पूर्णेच्या खोऱ्याला ‘पयानघाट’ आणि अजिंठ्याच्या रांगेवरील पठाराला ‘बालाघाट’ म्हणत. त्यातील ‘बाला’ म्हणजे ‘वरचा’. हा शब्द फारसी आहे. एकाच प्रदेशाच्या नकाशात असे अनेक भाषांचे थर सापडतात.

मोजणी आणि लेखन : भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रारंभ विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रास येथे केला, १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. एक बाजू आणि कोन मोजून दूरच्या शिखराचे स्थान निश्चित करता येते. परंतु त्या शिखराचे नाव कोणतेही यंत्र सांगत नाही. ते स्थानिकांना विचारावे, ऐकावे आणि लिहावे लागते. रोमन लिपीत ‘ण’ आणि ‘ळ’ यांसाठी स्वतंत्र अक्षरे नाहीत. त्यामुळे इंग्रजी नकाशावरून ‘आर्णी’ की ‘अर्नी’, ‘माळ’ की ‘माल’ हे अपरिचित वाचकाला ठरवता येत नाही.

निनावी रेषा : १:५०,००० प्रमाणाच्या स्थलदर्शक नकाशात १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील ५०० मीटर. त्यात पाणी निळ्या आणि समोच्च रेषा तपकिरी रंगात असतात. अनेक बारीक निळ्या रेषांवर मात्र नाव नसते. गावात त्या ओढ्याला नाव असते. कधी मराठी, कधी गोंडी, कोलामी वा बंजारा बोलीतील. एकच नाव नोंदले की उरलेली केवळ बोलण्यात राहतात आणि बोलणारे गेले की लोपतात. ओढा बुजवून तेथे प्लॉट पडले, तर पूर्वी येथून पाणी वाहत होते हे सांगणारा पुरावा कित्येकदा ते नावच असते. म्हणून नावांची नोंद हे भाषेचे तसेच भूमीचेही जतन आहे.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील पाच ओढे, तळी वा टेकड्या निवडा. वडीलधाऱ्यांकडून त्यांची सर्व प्रचलित नावे विचारा, उच्चारानुसार देवनागरीत लिहा आणि प्रत्येक नावातील सामान्यनाम, विशेषनाम व मूळ भाषा यांची नोंद करा.