सावळ्या हायजियाचं प्रमोशन

आकारात चौथी, पण शोधाच्या यादीत दहावी. चेंडूसारखी गोल, तरी 'बटुग्रह' हा हुद्दा अजून लांबच. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात, बाहेरच्या अंगाला फिरणाऱ्या एका काळ्याकुट्ट लघुग्रहाची ही गोष्ट.

अप्रेझलचे दिवस आले की ऑफिसात एक सीन हमखास दिसतो. मीटिंगमध्ये चमकणारा, बॉसच्या केबिनजवळ बसणारा पटकन नजरेत भरतो. आणि कोपऱ्यातल्या क्युबिकलमध्ये मान खाली घालून निम्म्या टीमचं काम ओढणारी ती? तिचं नाव यादीत दहावं! हे फक्त आपल्याच ऑफिसात चालतं असं वाटत असेल, तर जरा वर बघा. सूर्यमालेतही अगदी हेच झालंय.

तिचं नाव हायजिया. लघुग्रहांच्या पट्ट्यात सिरीस, व्हेस्टा आणि पॅलस यांच्यानंतर आकारात हिचाच नंबर. व्यास साधारण 430 किलोमीटर. म्हणजे मुंबईहून पणजीपर्यंत सरळ रेघ ओढली, तर ती हिच्या पोटात आरामात मावेल. एवढी मोठी असूनही ती सापडायला 1849 साल उजाडावं लागलं. कारण एकच. तिचा रंग!

उजळ त्याला भाव

पहिला लघुग्रह, सिरीस, 1801 च्या पहिल्याच दिवशी सापडला. इटलीतल्या पालेर्मो शहरात ज्युसेप्पे पियाझ्झी यांनी तो टिपला. 1807 पर्यंत पॅलस, जुनो आणि व्हेस्टा हे तिघेही हाती आले. मग तब्बल 38 वर्षं सामसूम. 1845 पासून पुन्हा शोधांचा सपाटा सुरू झाला. अ‍ॅस्ट्रिया, हेबी, आयरिस, फ्लोरा, मेटिस... आणि मग 12 एप्रिल 1849 ला, इटलीतल्याच नेपल्सच्या वेधशाळेत आन्निबाले दे गास्पारिस यांना हायजिया दिसली. तेव्हा त्यांचं वय होतं 29! (आपण त्या वयात ईएमआयचं गणित जुळवत असतो.)

तेव्हा फोटोची सोय नव्हती. दुर्बिणीला डोळा लावायचा, समोरचे तारे नकाशाशी ताडून पाहायचे आणि कुठला ठिपका रोज थोडा थोडा सरकतोय ते शोधायचं. या खेळात जो जास्त चमकतो तो आधी सापडतो. हायजियाच्या आधी सापडलेल्या नऊ जणांपैकी सहा जण तिच्यापेक्षा लहान आहेत. फ्लोरा तर व्यासाने तिच्या निम्मीसुद्धा नाही. पण ती सूर्यापासून जवळ, आपल्यापासून जवळ आणि अंगाने उजळ.

हायजिया पडली लांब, आणि वर काळी. व्हेस्टा तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा साधारण 40 टक्के भाग परत फेकते. हायजिया फेकते जेमतेम सात टक्के. नव्याकोऱ्या डांबरी रस्त्याला जवळची म्हणा ना! गोरेपणाची क्रीमं विकणाऱ्यांचं ब्रह्मांडही असंच चालत असावं.

नावातही राजकारण

हायजिया ही ग्रीकांची आरोग्यदेवता. तुमच्या-आमच्या तोंडातला 'हायजीन' हा शब्द तिच्याच नावावरून आला. तिचा साप आणि वाटी हे चिन्ह तर आजही औषधांच्या दुनियेत वापरलं जातं.

पण नेपल्सच्या वेधशाळेच्या संचालकांनी लघुग्रहाला नाव दिलं 'इजिआ बोर्बोनिका'. तिथल्या बोर्बन राजघराण्याचा मान राखायला ही शेपटी! बॉसला खूश ठेवायची कला जुनीच आहे. बाहेरच्या खगोलशास्त्रज्ञांनी मात्र ती शेपटी लवकरच गाळून टाकली. पुढे राजघराण्याची सत्ताही गेली. हायजिया आहे तिथेच आहे.

चौकट : हायजियाचा बायोडेटा
क्रमांक : 10
मुक्काम : सूर्यापासून सरासरी 47 कोटी किलोमीटर
एक वर्ष : पृथ्वीची साडेपाच वर्षं (वाढदिवसाचा खर्च कमी!)
स्वतःभोवती एक फेरी : 13.8 तास
वजनाचं काय : इथे 60 किलो भरणारी व्यक्ती तिथे भरेल साधारण पाऊण किलो. जिमची मेंबरशिप कॅन्सल!
पाहुणे : पृथ्वीवरून गेलेलं एकही यान अजून तिच्यापाशी पोचलेलं नाही

अखेर फोटो निघाला

'डॉन' या यानाने 2011 ते 2018 या काळात आधी व्हेस्टा आणि मग सिरीसचा जवळून पाहुणचार घेतला. हायजियाच्या वाट्याला ते सुख आलं नाही. तिचा धड फोटो मिळाला तो पृथ्वीवरूनच. चिलीच्या अटाकामा वाळवंटात पारानाल डोंगरावर 'व्हेरी लार्ज टेलिस्कोप' नावाची अजस्र दुर्बीण आहे. हवेच्या थरथरीमुळे चित्र हलतं, ते तिथल्या तिथे सावरणारं 'स्फिअर' नावाचं उपकरण तिला जोडलेलं आहे. 2017 आणि 2018 मध्ये फ्रान्सच्या पिएर व्हेर्नाझ्झा यांच्या टीमने हे उपकरण हायजियाकडे वळवलं, आणि 2019 च्या ऑक्टोबरमध्ये निकाल जाहीर केला.

सगळ्यांची अपेक्षा होती की एक भलंमोठं विवर दिसणार. कारण हायजिया एकटी नाही. तिच्यासारख्याच कक्षांमधून फिरणारे जवळपास 7000 छोटे लघुग्रह तिचं 'कुटुंब' मानले जातात. पूर्वी कधीतरी मोठी टक्कर झाली आणि त्यातून उडालेले तुकडे म्हणजे हे कुटुंब. व्हेस्टाच्या दक्षिण ध्रुवावर अशा टकरीची सुमारे 500 किलोमीटर रुंदीची खूण आहे. मग हायजियावरही जखम असणारच ना?

जखम सापडलीच नाही! पृष्ठभागाचा 95 टक्के भाग तपासला, पण नक्की ओळखता येतील अशी फक्त दोन विवरं दिसली. तीही किरकोळ. आणि हायजिया निघाली जवळजवळ पूर्ण गोल. तिची एक फेरी 27.6 तासांची आहे असं इतकी वर्षं मानलं जायचं, तेही चूक ठरलं. खरा आकडा त्याच्या निम्मा.

फुटली, आणि गोल झाली

मग तुकडे आले कुठून? टीमने कॉम्प्युटरवर टक्कर घडवून पाहिली. उत्तर असं : सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी 75 ते 150 किलोमीटर व्यासाचा एक धोंडा मूळ हायजियावर येऊन आदळला. हा नुसता ओरखडा नव्हता, ती अख्खीच फुटली. मग तिच्याच गुरुत्वाकर्षणाने बहुतेक तुकडे पुन्हा एकत्र ओढले. त्या गदारोळात ते सगळं एखाद्या द्रवासारखं वागलं आणि निवताना गोल झालं. जे हाताबाहेर गेले, ते झाले कुटुंबीय.

म्हणजे गंमत बघा. व्हेस्टा थोडक्यात वाचली, म्हणून तिचा व्रण राहिला आणि आकार बिघडला. हायजिया पार संपली होती, म्हणून तिच्या अंगावर व्रण नाही.

काळ्या रंगात दडलंय काय?

हायजिया काळी आहे ती कार्बनयुक्त मालामुळे. पाण्याच्या संपर्कात आल्याने बदललेली खनिजंही तिच्यावर आढळतात. अशा सावळ्या मंडळींमध्ये शास्त्रज्ञांना इतका रस का? तर सूर्यमालेच्या बालपणीचा कच्चा माल त्यांनी जपून ठेवलाय. हायजियाचा नमुना आपल्याकडे नाही. पण तिच्यासारख्याच काळ्या, कार्बनयुक्त असलेल्या बेन्नू नावाच्या चिमुकल्या लघुग्रहाची 121.6 ग्रॅम माती 2023 मध्ये पृथ्वीवर आली. सजीव ज्या 20 अमिनो आम्लांपासून प्रथिनं बनवतात, त्यातली 14 तिच्यात सापडल्याचं 2025 मध्ये जाहीर झालं. पृथ्वीवर पाणी आणि जीवनाचा कच्चा माल पोचवण्यात अशा काळ्या दगडांचा मोठा हात असावा, असं अनेक शास्त्रज्ञांना वाटतं. ज्यांना आपण सगळ्यात शेवटी पाहिलं, कदाचित त्यांच्यामुळेच आपण पाहायला इथे आहोत!

आता प्रमोशनचं बोला

24 ऑगस्ट 2006 ला प्रागमध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने प्लुटोचं डिमोशन केलं, हे सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच दिवशी सिरीसला बटुग्रहाचा हुद्दा मिळाला, हे फार थोड्यांना आठवतं. अटी साध्या : सूर्याभोवती फिरायचं, कुणाचा चंद्र नसायचं, आपला परिसर साफ केलेला नसायचा आणि स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोल व्हायचं. पहिल्या तिन्ही अटी हायजियाने केव्हाच पूर्ण केल्यात. चौथीवर 2019 मध्ये तिच्या बाजूने जोरदार पुरावा आला. हुद्दा मिळाला, तर ती सगळ्यात लहान बटुग्रह ठरेल. पण अधिकृत यादीत अजून पाचच नावं आहेत : सिरीस, प्लुटो, एरिस, हौमिया आणि माकेमाके.

आणि फाइल वाटते तितकी सोपी नाही. हायजिया गोल आहे हे खरं, पण तिचा गोलपणा त्या एका अपघाताची देणगी आहे. तो तिच्या खात्यात धरायचा की नाही? ज्याचा आकार मोडला तो बाद, आणि जी पूर्ण मोडून पुन्हा उभी राहिली ती पास? नियम लिहिणाऱ्यांनी बहुधा असा उमेदवार डोळ्यांसमोर ठेवलाच नव्हता.

हायजिया नुसत्या डोळ्यांनी कधीच दिसत नाही. शहराच्या दिव्यांपासून दूर जा, चांगली दुर्बीण आणि तारे ओळखणारा एखादा मित्र सोबत घ्या, तर एक फिकट ठिपका सापडेल. तो फक्त सात टक्के प्रकाश परत पाठवतोय, हे लक्षात ठेवा. आणि सोमवारी ऑफिसला गेलात की त्या कोपऱ्यातल्या क्युबिकलकडेही एकदा नजर टाका.