मूल उशिरा बोलू-चालू लागते तेव्हा

आपल्या सातारा-सांगलीकडे मूल दोन वर्षांचे होऊनही बोलत नसले, तर घरातील वडीलधारी मंडळी आईची समजूत ठरावीक शब्दांनी घालतात. "बोलेल हो! त्याचा मामासुद्धा चार वर्षांचा होईतो मुकाच होता; आता बघ, कोर्टात वकिली करतो." या बोलण्यात माया असते, आणि क्वचित् ते खरेही ठरते. परंतु जी मुले चौथ्या वर्षीही बोलली नाहीत त्यांच्या हकीकती कोणी घरोघर सांगत नाही, म्हणून मामाचे उदाहरण तेवढे सर्वांच्या तोंडी राहते. या विषयावर चार शब्द लिहावे असे आम्हांस वाटले, त्याचे कारण असे की, पाचव्या इयत्तेत आमच्या हाती येणाऱ्या मुलांत दरसाल एखाददुसरा विद्यार्थी असा आढळतो की, ज्यास घरी व गावी 'मंद' हे नाव पडलेले असते, आणि वस्तुतः त्याचे कान अधू असतात, किंवा बोटांत पेन्सिल दाबून धरण्याचे बळ नसते. दहाव्या वर्षी ही गोष्ट उमगणे म्हणजे फारच उशिरा उमगणे होय.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, सर्व मुले एकाच तारखेस चालू लागत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी बालकांचे निरीक्षण करून २००६ साली जी माहिती प्रसिद्ध केली, तीत आधारावाचून बसण्याचा काळ सुमारे चौथ्या महिन्यापासून सव्वानऊ महिन्यांपर्यंत, व स्वतंत्र चालण्याचा काळ सुमारे आठव्या महिन्यापासून साडेसतरा महिन्यांपर्यंत दिला आहे. तेव्हा शेजारणीचा बाळ्या दहाव्या महिन्यात चालला व आपला चौदाव्यात चालला, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र दीड वर्ष उलटूनही मूल पाऊल टाकीत नसेल, तर त्यास डॉक्टरांकडे नेलेच पाहिजे. तसेच तीन महिने झाले तरी आईच्या तोंडाकडे पाहून हसत नाही, पाचव्या महिन्यात मान स्थिर नाही, दहाव्या महिन्यापर्यंत 'बाबाबा', 'दादादा' असे बोबडे सूर नाहीत, वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यास वळून पाहत नाही, दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडीत नाही, ही चिन्हे ध्यानात ठेवावी. आणि एकदा येऊ लागलेले बोलणे किंवा चालणे मूल विसरू लागले, तर वय कोणतेही असो, एक दिवसही दवडू नये.

आणखी एक चिन्ह असे आहे की, त्याचे घरोघर कौतुकच होते. सात-आठ महिन्यांचे मूल प्रत्येक वस्तू डाव्याच हाताने घेऊ लागले की, "हा डावखुरा होणार!" असे म्हणून मंडळी हसतात. वास्तविक पहिल्या वर्षात मूल दोन्ही हात सारखेच वापरते. एकच हात पुढे येतो व दुसरा मुठीत आवळलेला राहतो, याचा अर्थ पुष्कळदा असा असतो की, त्या दुसऱ्या हातात काही उणे आहे. अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे, जन्मल्याबरोबर न रडलेले, किंवा कडक काविळीमुळे दवाखान्यात ठेवावे लागलेले मूल असेल, तर अशा गोष्टींकडे विशेष बारकाईने पाहावे.

कानांविषयी तर आपल्या समाजात मोठा गैरसमज आहे. मूल बहिरे आहे की काय अशी शंका आली की, आजी त्याच्या पाठीमागे थाळी वाजविते, मूल दचकते, आणि शंका मिटली असे सर्व समजतात. परंतु थाळीचा खणखणाट ऐकू येणे निराळे व आईचे हळू बोलणे ऐकू येणे निराळे. कित्येक मुलांस मोठा आवाज ऐकू येतो, पण 'स', 'त', 'क' यांसारखी अक्षरे ऐकूच येत नाहीत; मग ती उच्चारणार कोठून? शिवाय पूर्ण बहिरे मूलही पहिले काही महिने इतरांप्रमाणेच हुंकार देते व कूजन करते, आणि पुढे हळूहळू गप्प होत जाते. म्हणून जाणते वैद्य असे सांगतात की, पहिल्या महिन्यात यंत्राने कानांची चाचणी व्हावी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान पक्के व्हावे, आणि सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र वा अन्य उपाय सुरू व्हावा. ही घाई निष्कारण नव्हे. मनुष्याचा मेंदू दुसऱ्या वर्षाअखेर आकाराने प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के होतो, आणि भाषा ग्रहण करण्याची त्याची शक्ती याच काळात सर्वांत तल्लख असते. त्या काळात कानांवाटे काहीच आत गेले नाही, तर मेंदूतील तो भाग दुसऱ्या कामास लागतो.

निदान झाल्यावर पुढे काय? येथे 'थेरपी' हा शब्द पुढे येतो, व तो ऐकून पालकांच्या डोळ्यांपुढे विजेची यंत्रे आणि पुण्या-मुंबईचा खर्च उभा राहतो. यास्तव या शास्त्राच्या एका शाखेची थोडी माहिती देतो, कारण तिचा आपल्या जिल्ह्याशी संबंध आहे. इंग्रजीत जिला 'ऑक्युपेशनल थेरपी' म्हणतात, तिला मराठीत 'व्यवसायोपचार' हे नाव आहे. व्यवसाय म्हणजे येथे धंदा नव्हे; मनुष्य दिवसभर ज्या कामांत गुंतलेला असतो ती सर्व कामे. लहान मुलाचा व्यवसाय म्हणजे खेळणे, खाणे, कपडे घालणे, चढणे-उतरणे. ही कामे हाच उपाय, आणि ती स्वतः करता येणे हेच त्याचे फळ, असे या विद्येचे सूत्र आहे.

ही विद्या भारतात ज्यांनी आणली त्या बाई जन्माने अमेरिकन होत्या. माहेरचे नाव एलिझाबेथ लुंडी. विष्णु निंबकर यांच्याशी विवाह करून त्या भारतात आल्या व कमला निंबकर झाल्या. पुढे प्रौढ वयात अमेरिकेस परत जाऊन त्यांनी हा अभ्यासक्रम पुरा केला, आणि १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाची भारतातील पहिली शाळा सुरू केली. १९५२ साली भारतीय व्यवसायोपचारकांची संघटना स्थापन झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. त्यांचे चिरंजीव फलटणास स्थायिक झाले, आणि फलटणात मॅक्सिन बर्नसन या विदुषींनी उभारलेल्या प्रगत शिक्षण संस्थेच्या शाळेस 'कमला निंबकर बालभवन' हेच नाव दिलेले आहे. साताऱ्याहून फलटणास एस. टी. ने जाणाऱ्या कित्येकांस या नावामागील बाई कोण, हे ठाऊक नसते, म्हणून एवढे विस्ताराने लिहिले.

उपचारक आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, पाऊण तास मुलास घेऊन बसतो. उरलेला सर्व वेळ मूल घरीच असते. तेव्हा चांगला उपचारक मुलापेक्षा आईबापांसच अधिक शिकवितो, यात नवल नाही. घरातील कोणत्या गोष्टी उपयोगी पडतात ते पाहा. मान धरीत नसलेल्या मुलास जागेपणी, आपण समोर असताना, थोडा थोडा वेळ पालथे ठेवावयाचे असते. छातीखाली जुन्या गोधडीची गुंडाळी दिली की ते मान उचलू पाहते. बोटे अधू असलेल्या मुलास चमचा धरवत नसेल, तर त्याच्या दांड्यास चिंधी गुंडाळून तो जाड करावा. आई भाकरी थापीत असता पिठाचा एक गोळा त्याच्या हाती द्यावा. दाबणे, लांबविणे, तोडणे हा बोटांचा उत्तम व्यायाम आहे, आणि त्यास पैसा लागत नाही. शेंगा सोलणे, वाटाणे निवडणे, हळदीच्या कांड्या एका टोपलीतून दुसरीत टाकणे, हेही तसेच. (वाटाण्याएवढा दाणा तीन वर्षांखालील मूल नाकात किंवा घशात घालते, म्हणून नजर मात्र हलवू नये.)

आमच्या लहानपणीचा पांगुळगाडा अजून काही घरांत आहे. सुतार त्यास तीन चाके लावून देई, व मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून तो ढकलीत चाले. त्याची जागा आता बाजारातील गोल 'वॉकर'ने घेतली आहे. त्यात मूल बसते, पायाच्या बोटांनी जमीन ढकलते, आणि उभे राहण्याचा तोल शिकत नाही. पायऱ्यांवरून कोसळण्याचे भय ते निराळेच. कॅनडा देशाने २००४ साली अशा वॉकरच्या विक्रीस बंदी केली. सुताराचा गाडा आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटतो.

बोलण्याच्या बाबतीत आईबापांनी करावयाचे काम म्हणजे मुलाशी बोलणे, आणि त्याहून कठीण म्हणजे बोलून झाल्यावर थांबणे. न्हाऊ घालताना "हा हात, हा पाय, आता पाणी" असे म्हणावे. चिऊकाऊचा घास भरविताना चिऊचे नाव घेऊन हात थबकवावा व मनात पाचपर्यंत अंक मोजावे. त्या अवकाशात मूल काहीतरी करते: पाहते, हात पुढे करते, एखादा सूर काढते. तेच त्याचे उत्तर समजून पुढे बोलावे. "म्हण, पाणी म्हण!" असा लकडा लावल्याने मूल हट्टास पेटते. जत व मिरजेकडील कित्येक घरांत आजी कानडी बोलते व आई मराठी. दोन भाषांमुळे मूल बोलेनासे झाले असे समजून आजीस गप्प बसविण्यात येते. हे सर्वस्वी चूक आहे. दोन भाषांमुळे वाचा खुंटत नाही. आजीने बोलणे थांबविले तर मात्र बोलणारे एक माणूस कमी होते.

मोबाईलचे चित्र माणसाप्रमाणे थांबून उत्तराची वाट पाहत नाही, हाच त्याचा मुख्य दोष. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेला सल्ला असा की, दोन वर्षांखालील मुलास पडद्यापुढे मुळीच बसवू नये, व पुढे पाचव्या वर्षापर्यंत दिवसास एक तासाहून अधिक नको. फोन दाखविल्याशिवाय घास गिळत नाही अशी तक्रार करणारे पालक आम्हांस भेटतात. त्यांनी मुलास आपल्या ताटाशी घेऊन बसण्याचा प्रयोग काही दिवस नेटाने करून पाहावा.

एवढ्याशा गोष्टींनी खरोखर फरक पडतो काय, असे कोणी विचारील. वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर किंग्स्टन शहरी १९८६ साली एक प्रयोग आरंभिला गेला. वाढ खुंटलेली १२९ गरीब बालके घेण्यात आली. त्यांपैकी काहींच्या घरी आरोग्य-सेविका आठवड्यातून एक तास जात, व घरगुती खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे हे आईस दाखवीत. हे दोन वर्षे चालले, पुढे बंद झाले. वीस वर्षांनी पाहता, ज्यांच्या आयांना हे शिक्षण मिळाले होते ती मुले, न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा, सुमारे २५ टक्के अधिक कमावीत होती. त्या सेविका काही फार शिकलेल्या नव्हत्या, हे विशेष.

आपल्या देशात गावोगावी अंगणवाडी आहे. ती योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. २०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. त्यानुसार वैद्यकीय पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत व एकदा सरकारी शाळेत येऊन मुले तपासावी, आणि शंका असलेल्या मुलास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात विनामूल्य पाठवावे, अशी व्यवस्था आहे. त्या केंद्रात बालरोगतज्ज्ञ, कान व वाचा तपासणारे, भौतिकोपचार करणारे, मानसशास्त्र जाणणारे असे निरनिराळे लोक एके ठिकाणी असावे, ही कल्पना आहे. पथक येते त्या दिवशी मूल घरी ठेवू नये. ऊसतोडीच्या हंगामात कृष्णाकाठी बीडकडून कुटुंबे येतात, त्यांची बालके कोपीत वाढतात व दोन्हीकडच्या अंगणवाडीस चुकतात. शेजारच्या मळ्यात अशी कोपी असल्यास तेथील आईस पथकाचा दिवस आपण होऊन सांगावा. विद्यार्थीही हे काम सहज करू शकतील.

सर्वांत मोठी अडचण पैशाची नसून लाजेची आहे. मूल दाखविले तर गावात बभ्रा होईल, थोरल्या बहिणीचे लग्न अडेल, ही भीती. आणि दोष कोणाचा, तर आईचा, असा सासरचा निवाडा! ग्रहणात बाहेर पडली, जड उचलले, अमुक खाल्ले, असे आरोप त्या बिचारीवर होतात. ग्रहणाने मूल अधू होत नाही. नवसास आमचा विरोध नाही, परंतु नवस फेडण्याची वाट पाहत तपासणी वर्षभर लांबविणे, हे मुलास परवडत नाही.

जिल्हा रुग्णालयात जाताना माता व बाल संरक्षण कार्ड, तसेच प्रसूतीच्या वेळचे कागद बरोबर न्यावे. थोरल्या भावंडांनी मूल घरी खेळताना, जेवताना, हाक मारल्यावर काय करते याचे दोन-तीन मिनिटांचे चित्रण फोनवर करून द्यावे. परक्या खोलीत मूल आईच्या पदराआड लपते व काहीच करून दाखवीत नाही, आणि मग ते घरी किती बोलते, कोणता हात वापरते, हे डॉक्टरांस कळावयास दुसरा मार्ग उरत नाही.