कार्ल्याचे यवन आणि प्राचीन डीएनएची साक्ष

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५ च्या सुमारास झालेल्या उत्खननात पोसायडन या समुद्रदेवाची लहानशी कांस्यमूर्ती मिळाली. शिराळ्याहून कोल्हापूर जवळच असल्याने आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांनी ती पाहिलेली असते, आणि मग ग्रीक लोक इकडे येऊन राहिले होते काय, असा प्रश्न हटकून निघतो. मूर्ती व्यापारी मालाबरोबरही येते. तीवरून वस्ती सिद्ध होत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभलेख मात्र अधिक विचारात पाडतात. तेथे धेनुकाकटाचे अनेक दाते स्वतःस ‘यवन’ म्हणवितात.

या दात्यांची नावे पाहावीत: सिहधय, धम, यसवधन. त्यांत ग्रीकपणाचा मागमूस नाही. नाशिकच्या लेण्यातील योनक इंद्राग्निदत्त हा धम्मदेवाचा पुत्र आहे. जुन्नरचा इरिल तेवढा कानास परका वाटतो. मूळच्या ग्रीकांनी येथील धर्म व नावे स्वीकारली, की व्यापाराच्या निमित्ताने एतद्देशीयांसच ही संज्ञा लागली? ‘यवन’ शब्दाचा इतिहास येथे फारसे साहाय्य करीत नाही. आयोनियाच्या नावावरून जुन्या इराणीत ‘यौन’, त्यावरून प्राकृतात ‘योन’ हे रूप आले. पुढे अर्थ पसरत जाऊन आपल्या बखरींत यवन म्हणजे मुसलमान झाला. भाषाशास्त्राच्या साधनांनी हा प्रश्न सुटावयाचा नाही, हे त्या शास्त्राच्या अध्यापकानेच कबूल केलेले बरे.

मृताच्या अस्थींतून, विशेषतः अंतःकर्णाभोवतीच्या घट्ट हाडातून, डीएनए काढून वंशसंबंध ठरविण्याची पद्धती ग्रीक वसाहतींना लावून पाहिली गेली आहे. स्पेनच्या किनाऱ्यावरील एम्पोरिऑन या वसाहतीतील २४ व्यक्तींचे विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे दोन गट पडले: एक एजियन प्रदेशातील लोकांशी जुळणारा, दुसरा स्थानिक आयबेरियनांशी. सिसिलीतील हिमेराचा निष्कर्ष, जो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याहून उद्बोधक आहे. इ. स. पू. ४८० च्या लढाईत पडलेल्या सैनिकांत उत्तर युरोप व कॉकेशस यांकडील वंशाचे लोक निघाले, इ. स. पू. ४०९ चे मृत मात्र बहुतांशी स्थानिक ग्रीक होते. ग्रीक इतिहासकार पहिल्या लढाईतील ग्रीक मित्रांची नोंद करतात, या परदेशीयांची नाही.

आपल्याकडे अशा साक्षीचा वापर किती जपून करावयास हवा, हे रूपकुंडने दाखविले. हिमालयातील त्या सरोवराकाठच्या ३८ व्यक्तींपैकी १४ जणांचे साम्य क्रीटसारख्या पूर्व भूमध्य प्रदेशातील लोकांशी निघाले. कोणासही प्रथम अलेक्झांडरची सेना वा इंडो-ग्रीक आठवावेत! परंतु रेडिओकार्बन कालनिर्णयानुसार हे लोक इ. स. १८०० च्या सुमाराचे ठरले. कालनिर्णय वगळला असता तर केवढी इमारत त्यावर उभी राहिली असती.

दख्खनमध्ये अडचण प्रथम अस्थींचीच आहे. उष्ण हवामानात डीएनए लवकर नष्ट होतो. राखीगढीच्या ६१ नमुन्यांपैकी एकानेच उपयुक्त माहिती दिली. इनामगावास दोनशेहून अधिक दफने मिळाली खरी, पण ती यवनांच्या कित्येक शतके आधीची आहेत. दात्यांचे दहन झाले असल्यास तर काहीच हाती लागावयाचे नाही. आजच्या लोकांचे घारे डोळे पाहून ग्रीक रक्त ठरविण्याची जी हौस दिसते, तिला दोन हजार वर्षांच्या सरमिसळीपुढे काही अर्थ नाही. शिवाय अनुकूल पुरावा मिळाला, तरी तो त्या एका मृताच्या पूर्वजांविषयी असेल. तो स्वतःस काय म्हणवीत होता, हे लेखच सांगू शकेल.

म्हणून उद्या जुन्नर, कराड वा कोल्हापूरच्या परिसरात सातवाहनकालीन दफन उघडे पडल्यास, उत्खनकाने ते उघड्या हाताने हाताळू नये, धुऊ नये. त्याचा स्वतःचाच डीएनए त्यात मिसळतो. कवटीतील ते हाड स्वतंत्र ठेवावे, आणि छिद्र पाडण्यापूर्वी त्याची मोजमापे व छायाचित्रे घ्यावीत, कारण भुकटी केलेला भाग पुन्हा मिळत नाही.