पोषणाच्या ताटासोबत मनाचीही विचारपूस

यवतमाळ आणि आदिलाबाद या दोन जिल्ह्यांच्या मधून पैनगंगा वाहते. नदीच्या दोन्ही तीरांवर कापसाची शेती आहे. तेलंगणाच्या बाजूला असलेल्या आदिलाबादेत तेलुगूबरोबरच मराठी, गोंडी आणि कोलामी या भाषाही घराघरांत बोलल्या जातात. येथील गरोदर आणि स्तनदा मातांना जानेवारी २०१५ पासून ‘आरोग्य लक्ष्मी’ योजनेखाली अंगणवाडीत रोज एक पूर्ण जेवण, अंडे आणि २०० मिलिलिटर दूध देण्याची व्यवस्था आहे. स्त्रीचे वजन काट्यावर कळते, रक्तातले हिमोग्लोबिनही मोजता येते. मनाचा थकवा मात्र कोणी आपुलकीने विचारल्याशिवाय बाहेर येत नाही.

हा थकवा ओळखणे सोपे नाही, कारण रक्तक्षय आणि नैराश्य यांची काही लक्षणे सारखीच दिसतात. सतत ग्लानी येणे, कामात लक्ष न लागणे, चिडचिड होणे, झोप बिघडणे ही लक्षणे दोन्हींत आढळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यामुळे उदास, निरुत्साही स्त्रीची आधी रक्ततपासणी व्हावी आणि गरजेप्रमाणे थायरॉइड व ब जीवनसत्त्वेही पाहिली जावीत. मात्र हिमोग्लोबिन वाढूनही उदासी हटत नसेल, तर केवळ गोळ्या वाढवून भागणार नाही.

आहार आणि मन यांचे नाते दोन्ही बाजूंनी चालते. उपाशी, अशक्त शरीर मनाला उभारी देऊ शकत नाही आणि खचलेल्या मनाला पुढ्यातले ताटही नकोसे होते. याचा परिणाम बाळापर्यंत पोहोचतो, हे गोव्यानेच दाखवून दिले आहे. म्हापशाच्या रुग्णालयात प्रसूत झालेल्या मातांचा डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के माता नैराश्यग्रस्त आढळल्या. अशा मातांच्या बाळांची वाढ सहाव्या महिन्यात खुंटलेली असण्याची शक्यता अधिक होती, असे पुढील वर्षी त्याच गटाने नोंदवले.

या अवस्थेवर उपयोगी पडणारी एक पद्धत म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, अर्थात विचार आणि वर्तन यांवर काम करणारा उपचार. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आरोन बेक यांनी १९६० च्या दशकात त्याची मांडणी केली. एक साधे उदाहरण घेऊ. बाळ रडत राहिले की आईच्या मनात येते, ‘मी चांगली आई नाही.’ त्या विचाराने ती बाळाला सासूच्या हाती देते, जेवण टाळते आणि कोपऱ्यात बसून राहते. एकटेपणामुळे तो विचार आणखी घट्ट होतो. उपचारात तिला हा विचार ओळखायला शिकवतात. ‘बाळ भुकेने रडत असेल, यात माझा दोष नाही’ असा पर्याय शोधायला मदत करतात आणि रोज एक छोटी कृती ठरवतात. वेळेवर जेवणे, बाळाशी दहा मिनिटे खेळणे, शेजारणीशी बोलणे, एवढेच. दारिद्र्य, नवऱ्याचे व्यसन किंवा घरातली मारहाण या ‘चुकीच्या विचारां’च्या गोष्टी नव्हेत. त्यांवर वेगळी मदतच लागते, हेही समुपदेशकाने विसरता कामा नये.

यासाठी दर गावात मानसोपचारतज्ज्ञ कोठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पाकिस्तानातील रावळपिंडी परिसराने दिले. तेथे गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेविकांनाच हे तंत्र शिकवण्यात आले. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनी उपचार मिळालेल्या गटात २३ टक्के, तर दुसऱ्या गटात ५३ टक्के माता नैराश्यात होत्या. पुढे गोव्यात ‘संगत’ संस्थेने हाच कार्यक्रम मातांच्याच वस्तीतील सामान्य स्त्रियांमार्फत राबवला. २८० गरोदर स्त्रियांच्या या चाचणीत, २०१९ च्या अहवालानुसार, उपचार मिळालेल्यांपैकी चारांतील सुमारे तिघी सहा महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आल्या होत्या. इतरांत हे प्रमाण पाचांत तिघी असे होते. फरक चमत्कार म्हणावा एवढा नाही, परंतु तो अल्प खर्चात साधला आहे.

आदिलाबादेत यासाठी नवे दालन उघडण्याची गरज नाही. अंगणवाडीत जेवायला येणाऱ्या मातेशी तेथेच, तिच्याच भाषेत बोलता येईल. आहारही परका नको. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, डाळ, अंडी, तीळ आणि शेंगदाणे ही तेथील ओळखीची शिदोरी आहे. जेवणासोबत लिंबू घ्यावे आणि चहा मात्र जेवणाला लागून घेऊ नये, म्हणजे लोह अंगी लागते. उटनूर भागातील आदिवासी स्त्रिया मोहाच्या फुलांचे लाडू करतात. जिल्ह्यातील मोहफुलांच्या पदार्थांचा उल्लेख मार्च २०२५ मध्ये पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्येही झाला. लाडू हे औषध नव्हे, पण चार जणींनी एकत्र बसून ते वळताना कष्टाला मोल मिळते आणि मनातले बोलायला सोबतही लाभते.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर डॉक्टरांना दाखवावे. जगणे नकोसे वाटत असेल किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर एक दिवसही थांबू नये. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही निःशुल्क सेवा मराठी आणि तेलुगूतही उपलब्ध आहे. जे तंत्र गोव्याच्या वस्त्यांत पारखले गेले, ते पैनगंगेकाठी पोहोचायला मोठा खर्च लागणार नाही. ताट वाढणाऱ्या बाईंना थोडे प्रशिक्षण आणि त्यांच्या मानधनात थोडी भर, एवढे मिळाले तरी सुरुवात होऊ शकते.