परवाना एक, यंत्रे अनेक



गेल्या महिन्यात आमचा एक माजी विद्यार्थी वडिलांसह शाळेत भेटायला आला. अमेरिकेत हेलिकॉप्टर शिकलेला, इथल्या परीक्षा देऊन भारतीय व्यावसायिक परवाना मिळवलेला. पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवताना वडिलांचा चेहरा मात्र उतरलेला होता. "सर, शेत विकून शिकवलं. आता म्हणतात टाइप रेटिंग करा, पुन्हा लाखो रुपये लागतील. मग हा परवाना कशाचा?"

प्रश्न रास्त होता. या क्षेत्राकडे वळू पाहणारे आणखीही विद्यार्थी आपल्या शाळेत आहेत, म्हणून उत्तर येथे सविस्तर देत आहोत.

परवाना सांगतो की ही व्यक्ती वैमानिक आहे. टाइप रेटिंग सांगते की हे विशिष्ट हेलिकॉप्टर ती चालवू शकते. अमेरिकेत १२,५०० पौंडांपेक्षा (सुमारे ५,६७० किलो) अधिक कमाल वजनाच्या हेलिकॉप्टरसाठीच हे रेटिंग लागते. भारतात मात्र परवान्यावर हेलिकॉप्टरच्या प्रकारांची नोंद असते. त्यामुळे लहान रॉबिन्सन आर-४४ वर शिकलेल्याला बेल ४०७ चे सारथ्य करता येत नाही.

एका कंपनीची मोटार शिकलेला दुसऱ्या कंपनीचीही चालवतो, मग इथेच एवढी अडवणूक का? विज्ञानाच्या पुस्तकातला न्यूटनचा तिसरा नियम आठवा. वरचा पंखा एका दिशेने फिरला की खालचे धड उलट दिशेला वळू पाहते. वैमानिक पायातील पेडलने शेपटीच्या पंख्याचा जोर बदलून ते आवरतो. बेलचा पंखा वरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, म्हणून शक्ती वाढवताना डावे पेडल दाबावे लागते. आपल्या सैन्यदलांचे चेतक किंवा फ्रेंच बनावटीचे एक्युरे यांचा पंखा घड्याळाच्या दिशेने फिरतो, तेथे उजवे पेडल! शेकडो तासांत पायाला लागलेली सवय नव्या यंत्रात घात करू शकते.

याचा अनुभव आम्हांला जमिनीवरच आला आहे. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. या शाळेत रुजू झाल्यावर पहिल्याच सूचनेत आम्ही लिहिले, "प्रत्येक मुलाला उत्तम शिक्षा दिली जाईल." पालक घाबरले, मुले हसली. शब्द तोच, लिपी तीच, पण पेडल उलटे!

सवयीइतकाच वेळेचाही प्रश्न असतो. इंजिन बंद पडले तर वैमानिकाला कलेक्टिव्ह नावाचा दांडा तत्काळ खाली करून पंखा फिरता ठेवावा लागतो. मग खालून येणाऱ्या हवेवर पंखा फिरत राहतो आणि सुखरूप उतरता येते. रॉबिन्सन आर-२२ चा पंखा हलका असल्याने त्यासाठी जेमतेम सेकंदभराचा अवधी मिळतो. जड पंख्याच्या यंत्रात तो थोडा अधिक असतो. असा फरक पुस्तकात वाचून हातात उतरत नाही. म्हणून नव्या यंत्राची रचना व मर्यादा यांचा अभ्यास, लेखी परीक्षा, प्रशिक्षकासह उड्डाण किंवा सिम्युलेटरवर बिघाडांचा सराव आणि शेवटी परीक्षकासमोर चाचणी, एवढे पार पडल्यावरच परवान्यावर नवी नोंद होते.

नोंद झाली म्हणजे कायमची सुटका, असेही नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार व्यावसायिक उड्डाणाची जबाबदारी घेणाऱ्याने मागील ९० दिवसांत त्याच प्रकारच्या हेलिकॉप्टरवर किमान ३ उड्डाणे व ३ अवतरणे केलेली असावी लागतात. वर्षातून दोनदा प्रवीणतेची तपासणी होते. वैद्यकीय तपासणी वेगळीच. न वापरलेले रेटिंग गंजते.

म्हणून पालकांना सांगणे एवढेच की खर्चाचा हिशेब परवान्यापाशी थांबवू नका, आणि घाईने कोणतेही रेटिंग विकतही घेऊ नका. ज्या कंपनीत अर्ज करायचा ती कोणते हेलिकॉप्टर वापरते, हे आधी विचारा. केदारनाथच्या यात्रेकरूंसाठी बहुतांशी एक इंजिनाची हेलिकॉप्टरे उडतात, तर मुंबईच्या जुहूहून समुद्रातील तेलविहिरींकडे दोन इंजिनांची. एकाचे रेटिंग दुसरीकडे कामाला येत नाही.

हे ऐकून वडील थोडे सावरले. मुलाने आधी कंपन्यांकडे चौकशी करायची आणि मगच कर्जाचा अर्ज भरायचा, असे ठरले.

जाताना त्याने आम्हांलाच विचारले, "सर, शिक्षकांची अशी तपासणी कधी होते?" तो प्रश्न आम्ही विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत ठेवणार आहोत. सुरुवात अर्थातच मुख्याध्यापकांपासून व्हावी.