घोड्याच्या मूत्रपिंडातली साधी गाठ

घोड्याच्या मूत्रपिंडात मुळात गाठ होते क्वचित, आणि झालीच तर बहुधा ती कर्करोगाची निघते. जागच्या जागी वाढणारी, इतरत्र न पसरणारी साधी गाठ, म्हणजे ‘अ‍ॅडिनोमा’, सहसा दिसते ती शवविच्छेदनाच्या टेबलावर. घोडा पोटशुळाने किंवा म्हातारपणाने गेलेला असतो. मूत्रपिंड चिरले की बाहेरच्या थरात स्पष्ट कडांची, फिकट रंगाची लहानशी गाठ आढळते. मृत्यूशी तिचा संबंध नसतो.

ती जिवंतपणी सापडत नाही, याचे कारण घोड्याची शरीररचना. उजवे मूत्रपिंड बदामाच्या आकाराचे, शेवटच्या बरगड्यांखाली दडलेले. गुदद्वारातून तपासणाऱ्या पशुवैद्याचा हात सहसा तिथवर पोहोचत नाही. डाव्याचे मागचे टोक तेवढे चाचपता येते. रक्ततपासणीही उशिराच बोलते: दोन्ही मूत्रपिंडांची मिळून सुमारे 75 टक्के क्षमता गेल्याशिवाय क्रिएटिनिन वाढत नाही. मूत्राच्या गढूळपणावरूनही काही ओळखता येत नाही. कॅल्शियम कार्बोनेट आणि श्लेष्मा यांमुळे निरोगी घोड्याचे मूत्रही गढूळच असते.

खरा पेच पडतो तो दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत गाठ दिसली तर. सुईने तुकडा काढावा, तर मूत्रपिंड रक्ताने भरलेले, रक्तस्रावाची भीती. तुकडा मिळाला तरी साध्या गाठीच्या पेशी आणि सुरुवातीच्या कर्करोगाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली इतक्या सारख्या दिसू शकतात की निकाल अडतो. माणसांतही हे कोडे आहे. तिथे एका प्रकारच्या अ‍ॅडिनोमाची आकारमर्यादा 5 मिलिमीटर होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016च्या वर्गीकरणात ती 15 झाली. गाठी त्याच राहिल्या, नावे बदलली!

मूत्रपिंड काढून टाकता येते, आणि दुसरे निरोगी असेल तर घोडा त्यावर जगतो. पण तिथे पोहोचायला अनेकदा बरगडी कापावी लागते, आणि एवढ्या अवजड जनावराला भूल देणे हीच एक जोखीम. मूत्रातून रक्त जात असेल किंवा घोडा वाळत चालला असेल, तर थांबण्यात अर्थ नाही. पण घोडा चरतो आहे, धावतो आहे आणि गाठ लहान आहे, अशा वेळी शस्त्र उचलण्याची घाई मला पटत नाही. काही आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करावी, त्याच जागी, त्याच कोनातून, आणि गाठीचे माप आधीच्या मापाशेजारी लिहून ठेवावे.